ऑप्शन ‘पैशात’ आहे, पण पैसे कुठे आहेत?

(श्रावणातल्या रविवारच्या सभेत अभ्यासगटाच्या वतीने वाचलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून दिले आहे.)



बोलायला एक जण उभा असला तरी हे बोलणे आम्हा चौघांचे आहे. आमच्यापैकी दोघे भेलमधून निवृत्त झालेले, एक बँकेतून, आणि चौथ्या आमच्या ताई, ज्यांचे आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेले. दर रविवारी चहाला जमतो, आठवड्याची अर्थविषयक कात्रणे वाचतो आणि बहुतेक वेळा भांडून उठतो. आजच्या विषयावर मात्र आमचे एकमत झाले. त्याला कारण घडले.

मागच्या वर्षी आपल्याच मंडळातल्या एका काकू आमच्याकडे आल्या. हातात मोबाइल, मोबाइलवर मुलाच्या खात्याचा तपशील. म्हणाल्या, “याचा अंदाज बरोबर आला होता. शेअर पडेल म्हणाला, शेअर पडला. ऑप्शन पैशात आहे म्हणून घरी पेढेसुद्धा आणले. मग खात्यातून लाखाच्या वर गेले कसे?” मुलगा मंडीदीपला नोकरी करतो, देखाव्याच्या कामात सगळ्यांच्या पुढे असतो. त्याने परवानगी दिली म्हणून ही गोष्ट सांगतो आहोत. नाव सांगणार नाही, शेअरचे नावही नाही, आणि कोणी ओळखले तरी ओळख दाखवू नये ही विनंती.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी नीट देता आले नाही, हे कबूल करतो. शोधायला तीन रविवार लागले. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात इसारापासून करू. आपल्या भोपाळी मराठीत त्याला सर्रास बयाना म्हणतात. कोलार रोडला तीस लाखांचा प्लॉट पाहिला, मालकाला पन्नास हजार दिले आणि ठरले की तीन महिन्यांत तीस लाखांनाच प्लॉट आपला. भाव पस्तीस झाला तरी मालकाने तीसलाच द्यायचा. भाव पंचवीसवर आला तर आपण घ्यायचा नाही, पन्नास हजार सोडून द्यायचे. घेण्याचा हक्क आहे, बंधन नाही. हा झाला कॉल ऑप्शन. तीस लाख हा ठरलेला भाव, म्हणजे स्ट्राइक. पन्नास हजार हा प्रीमियम.

पुट समजायला आपल्या सीहोरकडच्या शेतकऱ्याला विचारा. २०२५ मध्ये गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. मंडीत त्याहून कमी मिळाले तर सरकारी केंद्रावर द्या, जास्त मिळाले तर मंडीत विका. विकण्याचा हक्क आहे, बंधन नाही. नोंदणी, तोलाई, रांग हे सगळे सोडून दिले तर हा शेतकऱ्याला फुकट मिळालेला पुट आहे. आता मजा पाहा. शरबती पिकवणाऱ्याला मंडीत त्याहून कितीतरी जास्त भाव मिळतो, म्हणून त्याच्या हातातला हा हक्क आज कामाचा नाही. साध्या गव्हाला मंडीत २,३०० मिळत असतील तर त्याच्या शेजाऱ्याचा तोच हक्क क्विंटलमागे सव्वाशे रुपयांचा आहे. हक्क एकच, ठरलेला भाव एकच, पण एकाचा ‘पैशाबाहेर’ आणि एकाचा ‘पैशात’.

बाजाराच्या भाषेत यालाच ‘आउट ऑफ द मनी’ आणि ‘इन द मनी’ म्हणतात, आणि बाजारभाव ठरलेल्या भावाच्या अगदी जवळ असेल तर ‘ॲट द मनी’. आम्ही आपसांत पैशात, काठावर आणि पैशाबाहेर असे म्हणतो. काठावर हा शब्द आम्हाला आपल्या मोठ्या तलावावरून सुचला.

भाद्रपद जवळ आला की भोपाळात सगळे एकच विचारतात, तलाव कितीवर आला? पूर्ण पातळी १,६६६.८० फूट. तिथे पाणी पोचले की भदभद्याचे गेट उघडतात आणि अर्धे शहर ते बघायला जाते. समजा एकाने पैज घेतली की अनंत चतुर्दशीला पाणी या पातळीच्या जितके वर असेल तितके फुटामागे शंभर रुपये मिळतील. दुसऱ्याने घेतली की जितके खाली असेल तितके फुटामागे शंभर. पहिला कॉलवाला, दुसरा पुटवाला. (गेट उघडल्यावर पाणी वर जात नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. उदाहरणापुरते गेट गंजून बसले आहेत असे धरा.) पाणी आज १,६६८ वर असेल तर पहिल्याची पैज पैशात, दुसऱ्याची बाहेर. १,६६५ वर असेल तर उलट. पैज कोणी किती रुपयांना विकत घेतली याचा या मोजणीशी काहीएक संबंध नाही. पाणी आणि रेघ, बस.

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. काकूंच्या मुलाची पहिली चूक इथेच आहे. ऑप्शन पैशात आला याचा अर्थ भाव रेघेच्या योग्य बाजूला आला. तुम्ही फायद्यात आलात असा त्याचा अर्थ नाही.

आता आकड्यांकडे येऊ. उदाहरण घरचेच घेतो, भेलचा शेअर. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर चालली, आणि हा शेअर ऑप्शनच्या यादीत आहे. भाव मात्र सोयीसाठी मनाचे धरले आहेत, उद्या कोणी आमचे नाव सांगून खरेदी करू नये. शेअर २४० रुपये, मुदत संपायला एक महिना. २३० चा कॉल १४ रुपयांना, २४० चा ८ ला, २५० चा ४ ला आणि २७० चा साठ पैशांना मिळतो आहे असे समजा. लॉट २,६२५ शेअरचा धरू.

२३० चा कॉल दहा रुपयांनी पैशात आहे, कारण २४० ची वस्तू २३० ला घेण्याचा हक्क आहे. मग किंमत दहाच का नाही, चौदा का? वरचे चार रुपये उरलेल्या दिवसांचे. तलावाचेच बघा. जुलैत पाणी दोन फूट खाली असले तरी कोणी आशा सोडत नाही. कोलांस नदीला सीहोरकडून एक चांगला पूर आला की झाले. पितृपक्षात तेच दोन फूट खाली असेल तर शहाणा माणूस पैज लावत नाही. पाणी तेवढेच, रेघ तीच, पण पावसाचे दिवस संपले. पैशाबाहेरच्या ऑप्शनची तर सगळी किंमतच या दिवसांची असते. २५० च्या कॉलचे चार रुपये आणि २७० चे साठ पैसे, यात आजचे असे काही नाही, नुसती आशा आहे. आणि ती रोज थोडी थोडी झिजते, शेवटच्या आठवड्यात भराभर.

आता समजा चौघांनी एकेक कॉल घेतला. चौघांचाही अंदाज एकच, शेअर वर जाणार. आणि तो खरा ठरला. मुदतीच्या दिवशी भाव २५० झाला. दहा रुपये वाढ, महिन्यात चार टक्क्यांहून जास्त, काही वाईट नाही. २३० वाल्याच्या हातात वीस रुपयांची वस्तू आली, त्याने चौदा दिले होते, सहा सुटले. लॉटवर १५,७५० रुपये. २४० वाल्याला दहा मिळाले, आठ दिले होते, फायदा ५,२५०. २५० वाल्याचा ऑप्शन बरोबर काठावर संपला, म्हणजे शून्य. त्याचे १०,५०० गेले. २७० वाल्याचे १,५७५ गेले. चौघेही बरोबर होते, आणि त्यातल्या दोघांचे सगळे पैसे बुडाले.

अजून एक पायरी. समजा भाव २४६ ला थांबला असता. २४० चा कॉल सहा रुपयांनी पैशात, मोबाइलवर ठळक अक्षरात ‘आय टी एम’. दिलेले होते आठ. म्हणजे पैशात असूनही शेअरमागे दोन रुपये तोटा. त्याला २४८ च्या वर भाव गेला तरच सुटका. कॉलमध्ये ठरलेल्या भावात प्रीमियम मिळवायचा, पुटमध्ये वजा करायचा, आणि खर्च-कर वेगळे. ही आकडेमोड पाचवीतला मुलगा करील. पण सौदा करताना ती कोणी करत नाही, आणि यात आम्ही आलोच. आमच्यातल्या भेलवाल्या एकाने निवृत्तीनंतर सहा महिने साठ-साठ पैशांचे कॉल घेतले. “दीड हजारांचीच तर गोष्ट, पानाला जातात तेवढे.” सहा महिन्यांत एकही पैशात आला नाही. स्वस्त म्हणून घेतले, आणि ते स्वस्त का होते हे विचारले नाही. २४० वरून महिनाभरात २७० च्या पार जायला शेअरने साडेबारा टक्के उडी घ्यायला हवी. साठ पैसे हीच त्या उडीच्या शक्यतेची किंमत होती.

हे खूळ नवे आहे असे समजू नका. मुंबईच्या कापसाच्या बाजारात आपल्या पणजोबांच्या काळी हाच धंदा चाले. कॉलला ‘तेजी’ म्हणत, पुटला ‘मंदी’, दोन्ही एकदम घेतले तर ‘तेजी-मंदी’, आणि प्रीमियमला किती छान शब्द होता, ‘नजराणा’. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये कायदा करून कापसातले हे सौदे बंद केले. शेअरमधले ऑप्शन १९५६ च्या रोखे करार कायद्याच्या विसाव्या कलमाने बेकायदा ठरले. योगायोग असा की त्याच साली राज्य पुनर्रचनेत नागपूरची राजधानी सुटून भोपाळला आली, आणि फाइलींबरोबर आपल्यापैकी अनेकांची घरेही इथे आली. ते कलम १९९५ मध्ये निघाले. राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकावरचे ऑप्शन जून २००१ ला आणि एकेका शेअरवरचे जुलै २००१ ला सुरू झाले. नजराणा जाऊन प्रीमियम आला. आधी नजराणा देणाऱ्याला समोरच्या पेढीवाल्याचे तोंड दिसत होते, आता काचेवर हिरवा-लाल आकडा दिसतो, एवढाच फरक.

आता काकूंच्या मुलाची दुसरी चूक. खरे तर तिला चूक म्हणावे की अज्ञान, यावर आमच्यात अजून वाद आहे. ही गोष्ट आम्हालाही माहीत नव्हती.

निर्देशांकावरचा ऑप्शन मुदतीला पैशात असेल तर फरकाची रोकड मिळते आणि विषय संपतो. एकेका शेअरवरच्या ऑप्शनचे तसे नाही. सेबीने २०१८ मध्ये नियम बदलला आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व शेअरच्या बाबतीत तो लागू झाला. मुदतीला ऑप्शन पैशात असेल तर शेअरची खरीखुरी देवघेव. कॉल धरून बसलात तर पूर्ण किंमत मोजून शेअर घ्यायचे. वरच्या उदाहरणात २३० च्या कॉलला ६,०३,७५० रुपये लागतील. पुट धरून बसलात तर तेवढे शेअर आणून द्यायचे. तुम्ही अर्ज केला नाही, बटण दाबले नाही, तरी पैशात असलेला ऑप्शन आपोआप वापरला जातो. म्हणजे इसार दिला आणि विसरलात, तर तीन महिन्यांनी मालक रजिस्ट्रीचे कागद घेऊन दारात उभा. हक्क आहे, बंधन नाही, असे आम्ही सुरुवातीला सांगितले. मुदतीच्या दिवशी साडेतीननंतर ते वाक्य खरे राहत नाही.

त्याचे असे झाले. शेअर ५१० ला असताना त्याने ५०० चा पुट घेतला, नऊ रुपयांना. हजाराचा एक लॉट असे तीन लॉट, सत्तावीस हजार रुपये. आकडे आम्ही थोडे गोल केले आहेत. काकूंच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून साठलेली ठेव मोडून त्यातले हे पैसे होते, हे घरात नंतर कळले. शेअर हळूहळू उतरत गेला. मुदतीच्या दिवशी दुपारी अडीचला भाव ५०१. पैशाबाहेर, एका रुपयाने. त्याने मनात सत्तावीस हजारांवर पाणी सोडले आणि मांडवाचे बांबू बघायला गेला.

मुदतीचा भाव हा शेवटच्या क्षणाचा नसतो, शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी असते. त्या अर्ध्या तासात शेअर घसरला. सरासरी निघाली ४९८ रुपये ६० पैसे. ऑप्शन एक रुपया चाळीस पैशांनी पैशात. संध्याकाळी मोबाइलवर ‘इन द मनी’ आणि हिरव्या रंगात ४,२०० रुपये. सत्तावीस हजारांपैकी काहीतरी हाती लागले म्हणून पेढे.

रात्री संदेश आला की तीन हजार शेअर द्यायचे आहेत. त्याच्याकडे तीनसुद्धा नव्हते. दुसऱ्या दिवशी विकत घेऊन द्यावे म्हटले, तर ते खात्यात येणार त्याच्या पुढच्या दिवशी, आणि द्यायची मुदत दुसऱ्याच दिवसाची. न दिलेल्या शेअरचा लिलाव होतो. रात्रीत कंपनीची काही चांगली बातमी आली आणि सकाळी शेअर उसळला. लिलावात ५३० चा भाव लागला. ज्याचे ५०० मिळणार त्यासाठी ५३० मोजायचे, शेअरमागे तीस, तीन हजारांचे नव्वद हजार. वर दंड, दलाली, कर. आधीचे सत्तावीस हजार धरून लाखाच्या कितीतरी वर. आणि ऑप्शन घेणाऱ्याचा तोटा कधीही प्रीमियमपेक्षा जास्त होत नाही, हे त्याने शिकवणीच्या व्हिडिओत ऐकले होते. आम्हीही ऐकले होते.

ब्रोकरची सूचना इंग्रजी ई-मेलमध्ये आली होती. शेवटच्या चार दिवसांत पैशात असलेल्या ऑप्शनवर वाढते मार्जिन लागते, पुष्कळ ब्रोकर असे सौदे स्वतःहून तोडतातही. पण याचा ऑप्शन शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत पैशाबाहेर होता, त्यामुळे कुठलीच घंटा वाजली नाही. पैशात खोलवर असलेला ऑप्शन दुरून दिसतो, लांब बाहेरचा आपोआप मरतो. घात काठावरचा करतो. ३० डिसेंबर २०२१ च्या मुदतीला हिंदाल्कोच्या ४७० च्या पुटमध्ये अगदी असेच घडले होते आणि देशभरातल्या छोट्या सौदेवाल्यांनी त्याची झळ सोसली. त्यानंतर काठावरचा ऑप्शन ‘वापरू नका’ असे कळवायची सोय काही काळ परत दिली गेली. नंतर तीही निघाली.

मग त्याने काय करायला हवे होते? आम्ही त्याला बसवून तेच विचारले. उत्तर त्यानेच दिले. अडीच वाजता तो पुट बाजारात रुपया-सव्वा रुपयाला विकला गेला असता. वापरायचा ऑप्शन मुदतीलाच वापरता येतो, पण विकता कुठल्याही दिवशी येतो. तीन-साडेतीन हजार हाती आले असते आणि बांबू निवांत बघता आले असते.

पुट वाईट असतो असे मात्र आम्ही म्हणत नाही. आमच्यातल्या दुसऱ्या भेलवाल्यांकडे जुने शेअर आहेत. त्यांनी एका लॉटइतक्या शेअरवर पुट घेतला तर ती छत्री आहे. पैशात आला तर द्यायला शेअर घरात आहेत. पाऊस आला नाही तर छत्रीचे पैसे गेले, त्याचे दुःख नाही. ताईंचे म्हणणे असे की इतकी महाग छत्री घेण्यापेक्षा अर्धे शेअर विकून टाकावेत. तो वाद पुढच्या रविवारी.

सेबीने केलेली पाहणी तुम्ही वाचली असेल. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. जुलै २०२५ मध्ये आलेल्या आकड्यांत २०२४-२५ साठी तोट्यातले ९१ टक्के, आणि त्या एका वर्षाचा तोटा एक लाख कोटींच्या वर. समोर संगणकावर आकडेमोड करून सौदे टाकणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. आपला मुलगा बांबू बघायला जातो, त्यांचे यंत्र कुठे जात नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला बुधवारी होती, बाजार बंद. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी २८ तारखेला, ऑगस्टच्या शेअर ऑप्शनची मुदत संपली. म्हणजे दीड दिवसाच्या विसर्जनाच्या दुपारीच. त्या सप्टेंबरपासून राष्ट्रीय शेअर बाजारातली मुदत महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी येऊ लागली, तीही नोंद करून ठेवा. ज्यांच्याकडे काही सौदे असतील त्यांनी चतुर्थीला आरतीनंतर आम्हाला मोबाइल दाखवावा. आम्ही चौघेही मांडवात असू. मोबाइल बघायला काकूंचा मुलगाही बसणार आहे, त्याने स्वतःहून सांगितले आहे. काठावर काय आहे ते आमच्यापेक्षा त्याला लवकर दिसते.